नऊ मीटरचा खांब

माझं लग्न एका माणसाशी झालं, पण घरात आले ते दोघं: तो आणि त्याची भूमिती. आमच्याकडे पुठ्ठ्याचं खोकं कधी रद्दीत जात नाही. त्याचे पंचकोन होतात, षटकोन होतात, ते माझ्या उशीखाली सापडतात, आणि कात्री म्हणाल तर स्वयंपाकघरात कधी जागेवर नसते. शाळेतली मुलं ह्यांना पाठीमागे 'कर्कटक' म्हणतात, कारण ह्यांचे पाय लांब आहेत आणि हे एक पाय रोवून दुसरा फिरवल्यासारखे चालतात. मी त्याच शाळेत भाषा शिकवते. मला पाठीमागे काय म्हणतात तेही मला माहीत आहे, पण ते इथे सांगायची गरज नाही.

भूमिती हाताने शिकायची, हा ह्यांचा हट्ट. समरूप बहुभुज शिकवायचे तर हे आधी फळ्याकडे जातच नाहीत. भिंतीवर पुठ्ठ्याचा मोठा पंचकोन लावतात, मुलांच्या हातात एकेक छोटा पंचकोन देतात आणि सांगतात, एक डोळा मिटा, छोटा डोळ्यासमोर धरा, पुढेमागे करा. मोठा पूर्ण झाकला गेला, सगळ्या कडा जुळल्या, तर दोघं समरूप. नाही जुळल्या तर कोन कितीही सारखे असोत, समरूप नाहीत. दाराचे चारही कोन काटकोन आणि खिडकीचेही काटकोन, म्हणून काय खिडकीने दार झाकलं जातं का, असं विचारतात आणि सगळा वर्ग एक डोळा मिटून दाराकडे बघत बसतो. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं की ह्या वर्गाला काहीतरी झालंय.

ह्याच तासाला एकदा 'हळूबाई' उभी राहिली. ही मुलगी सगळं सावकाश करते, डबासुद्धा सगळ्यांच्या शेवटी संपवते, म्हणून वर्गाने तिला हे नाव ठेवलंय आणि तिने ते मुकाट्याने घेतलंय. सगळा वर्ग "झाकतोय, झाकतोय" म्हणत होता आणि ही म्हणाली की सर, एका कोपऱ्यात थोडंसं मागचं दिसतंय. हे तिच्या बाकापाशी जाऊन वाकले, तिच्या जागेवरून बघितलं, तर तिच्या हातातला पुठ्ठा ह्यांनी स्वतःच एका बाजूला तिरका कापला होता. दुसरा एखादा शिक्षक ओशाळला असता. हे घरी आले ते हसतच, आणि चहा थंड होईपर्यंत मला तेच सांगत राहिले. इतकी वर्षं शिकवतोय, म्हणाले, मुलं मला काय हवं ते बघतात, ही मुलगी समोर काय आहे ते बघते. तिची नजर खरी आहे, तेवढी कोणी बिघडवली नाही म्हणजे झालं.

हे वाक्य मला नंतर फार छळणार होतं.

खांबाचा तास हा ह्यांचा सगळ्यात लाडका. शाळेच्या पटांगणात मध्यभागी दिव्याचा एक खांब आहे. त्याच्यापासून थोड्या अंतरावर जमिनीवर आरसा ठेवायचा आणि आपण मागे मागे सरकायचं, आरशात खांबाचं टोक दिसेपर्यंत. दिसलं की थांबायचं. आपले डोळे, आपले पाय आणि आरसा हा एक छोटा त्रिकोण. खांबाचं टोक, त्याचा बुंधा आणि आरसा हा मोठा. दोन्ही समरूप, कारण उजेड आरशावर ज्या कोनात येतो त्याच कोनात जातो. मग छोट्याच्या बाजू मोजल्या, मोठ्याची एक बाजू मोजली, की खांबावर न चढता त्याची उंची हातात येते. मला गणिताचं वावडं आहे, पण हे मलाही कळतं, एवढं ते सोपं करून सांगतात.

पहिल्या वर्षी ह्यांनी वीजवाल्याला शिडीवरून दोरी सोडायला लावली होती आणि ती नऊ मीटर भरली होती. तेव्हापासून दरवर्षी मुलं मोजायची, उत्तरं यायची, आणि शेवटी हे मोठ्या रुबाबात खरं उत्तर सांगायचे: नऊ मीटर. ज्याचं नऊच्या जवळ आलं त्याची पाठ थोपटली जायची.

यंदा मुख्याध्यापिकाबाईंनी ठरवलं की हा तास शिक्षणखात्याच्या साहेबांना दाखवायचा. आसपासच्या शाळांतले गणिताचे शिक्षकही बोलावले. साहेबांना आवडलं तर सरांनी हा पाठ सगळ्या शाळांत जाऊन द्यायचा, असं घाटत होतं. हे वरवर म्हणायचे की त्यात काय एवढं, पण आदल्या दिवशी ह्यांनी सगळे आरसे स्वतः पुसले आणि शर्टाला दोनदा इस्त्री केली. मी चिडवलं तर नेहमीसारखं हसले नाहीत.

त्या दिवशी माझा तास मोकळा होता. मी व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होते. पटांगणात पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या, मुलांचे गट ठिकठिकाणी आरसे ठेवून पुढेमागे सरकत होते, हे लांब पाय टाकत एका गटाकडून दुसऱ्याकडे फिरत होते आणि मधूनच पाहुण्यांना समजावत होते. इतके छान दिसत होते की मला उगीचच सगळ्यांना सांगावंसं वाटत होतं, हे आमचे.

मग उत्तरं मागवली. पहिला गट म्हणाला नऊ. दुसरा म्हणाला आठ मीटर पंच्याण्णव. तिसरा नऊ मीटर पाच सेंटिमीटर. साहेब मान डोलावत होते. शेवटी हळूबाईचा गट, म्हणजे हळूबाईच, कारण बाकीच्यांनी तिच्या सावकाशीला कंटाळून सगळं तिच्यावरच टाकलं होतं. ती म्हणाली, "आठ मीटर साठ."

खुर्च्यांमध्ये थोडी चुळबुळ झाली. ह्यांनी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा तेच सांगितलं. तीनदा मोजलंय सर, तिन्ही वेळा आसपास तेच येतंय, असंही ती म्हणाली. एरवी हेच ऐकून हे तिच्या आरशापाशी उकिडवे बसले असते. त्या दिवशी ह्यांनी पाहुण्यांकडे बघितलं.

"तीनदा चुकलं म्हणून ते बरोबर होत नाही," हे म्हणाले. "बाकी सगळे आंधळे आणि तुला एकटीला दिसतं का गं?"

पाहुणे हसले. वर्ग तर हसलाच. हळूबाईने मान खाली घातली आणि टेप गुंडाळायला लागली, सावकाश, तिच्या पद्धतीने. ह्यांनी आवाज गोड करून तिला सांगितलं की जा, नीट मोज, चूक सुधारणं हाच खरा अभ्यास. साहेबांनी ह्या वाक्यावर मान डोलावली.

तिचा आरसा व्हरांड्याच्या अगदी जवळ होता. पहिल्या गटातला चुणचुणीत मुलगा, ज्याचा मोठा भाऊ गेल्या वर्षी ह्याच वर्गात होता, तिच्याजवळ येऊन हळू आवाजात बोलला. मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"आधी नऊ धर. खांबापर्यंतचं अंतर आहे, तुझी उंची आहे. मग तुझे पाय आरशापासून कुठे यायला हवेत ते काढ आणि तिथे उभी राहा. आम्ही सगळ्यांनी तसंच केलंय."

"पण तिथून टोक दिसत नाही," हळूबाई म्हणाली.

"तुझ्या आरशात कोण बघायला येणारे?"

ती पुढे सरकली. चार बोटं, जास्त नाही. हे लांबून येत होते, मागे साहेब. ह्यांनी विचारलं, "आता दिसतंय टोक?"

तिने आरशात बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "हो सर. दिसतंय."

"आणि उत्तर?"

"नऊ."

टाळ्या पडल्या. साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाले की ह्याला म्हणतात शिकवणं. आणि मी, जिला सगळं ऐकू आलं होतं ती मी, व्हरांड्यात मूग गिळून उभी राहिले. मुलांची कुजबुज आहे, मला गणितातलं काय कळतं, असं मनाशी म्हणाले. पण टोक दिसत नाही म्हणजे काय ते कळायला गणित लागत नाही. ह्यांचा चेहरा इतका फुलला होता की त्यावर पाणी ओतायचं माझ्या जिवावर आलं, हे खरं कारण.

शाळा सुटली, पाहुणे गेले, खुर्च्या उचलल्या गेल्या. हे आरसे गोळा करत होते आणि शीळ घालत होते. हळूबाईचा आरसा उचलायला वाकले आणि थांबले. मला म्हणाले, अगं, ये जरा, टेप धर. हिचं नेमकं कुठे चुकलं ते मला शोधायचंय, उद्या तिला समजावून सांगतो, बिचारी खट्टू झाली असेल.

मी टेपचं टोक धरलं. हे आरशात बघत मागे सरकले, थांबले, मोजलं, खिशातल्या कागदावर आकडे केले आणि शीळ बंद झाली. आरसा हलवून पुन्हा मोजलं. मग मला उभं केलं, माझ्या उंचीवर मोजलं. तिसऱ्यांदा मोजून हे व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन बसले आणि ह्यांचे ते लांब पाय दुमडून गुडघे थेट हनुवटीपाशी आले.

तेव्हा मला कळलं. मी म्हटलं, "अहो, दोन पायऱ्या खाली गेल्यात की."

सुट्टीत पटांगणात भराव घातला होता. पावसाचं पाणी साचतं म्हणून मुरूम टाकला, वर फरशी घातली. व्हरांड्याच्या चारपैकी दोन पायऱ्या त्याखाली गेल्या. शाळा उघडल्यावर आम्ही सगळे आठवडाभर तिथे अडखळत होतो आणि एकमेकांना हसत होतो. सगळ्यांत जास्त हेच अडखळले होते. पायऱ्या खाली गेल्या तसा खांबाचा बुंधाही गेला होता, आणि ही गोष्ट कोणाच्याच, गणिताच्या शिक्षकाच्यासुद्धा, डोक्यात आली नव्हती. दोन पायऱ्यांची उंची चाळीस सेंटिमीटर. खांब आता आठ मीटर साठ होता.

ह्यांनी मान वर करून खांबाकडे बघितलं. मग म्हणाले, "पण बाकीच्या सगळ्यांचं नऊ कसं आलं?"

मला सांगावं लागलं. सगळं सांगितलं, तो मुलगा काय म्हणाला, ती काय म्हणाली, ती चार बोटं पुढे कशी सरकली. मी ऐकूनही गप्प राहिले तेही सांगितलं. मला वाटलं होतं हे माझ्यावर तरी चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

"त्यांना उलटं मांडता आलं," हे म्हणाले. "म्हणजे त्यांना समरूपता पक्की कळलीय. उत्तरावरून बाजू काढली त्यांनी, आणि मधेमधे पाच-पाच सेंटिमीटर इकडेतिकडे टाकली, खरं वाटावं म्हणून. वर्षानुवर्षं हेच चाललं असणार, आणि मी पाठी थोपटतोय."

मी म्हटलं, मुलं आहेत, करतात. हे म्हणाले, मुलांचं नाही बोलत मी. एकटी मुलगी टोक दिसतंय का ते बघत होती, आणि तिच्यावर मी चारचौघांना हसवलं आणि न दिसणारं टोक दिसतंय असं तिला म्हणायला लावलं. पुठ्ठा तिरका होता तेव्हा लगेच वाकून बघितलं मी, कारण तेव्हा बघायला बाहेरचं कोणी नव्हतं. मला लाज वाटतेय गं, असं म्हणून ह्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. इतक्या वर्षांत मी ह्यांना असं कधी बघितलं नव्हतं. मलाही स्वतःची लाज वाटत होती, पण ती मी बोलून दाखवली नाही. ह्यांच्या लाजेपुढे माझी मांडत बसायची ती वेळ नव्हती.

सकाळी मुख्याध्यापिकाबाईंनी ह्यांना पेढा दिल्यासारखी बातमी दिली की साहेबांचा फोन आला होता, पाठ सगळ्या शाळांत करायचा आहे. ह्यांनी तिथल्या तिथे सगळं सांगून टाकलं. बाई शांत बाई आहेत. त्यांनी विचारलं की हे कोणाला कळलंय का. हे म्हणाले, मला कळलंय. त्यावर बाईंचं म्हणणं असं की चाळीस सेंटिमीटरसाठी एवढं डोक्यावर घ्यायचं कारण नाही, पद्धत तर बरोबर आहे ना. पुढच्या शाळेत खांब वेगळा असेल. हे म्हणाले, खांब वेगळा असेल, शिक्षक हाच असेल. साहेबांना काय सांगायचं ते मी सांगतो, पण आधी वर्ग.

मी माझ्या वर्गाला निबंध लिहायला बसवलं आणि व्हरांड्यात आले. आदल्या दिवशी जिथे उभी होते तिथेच, कारण दुसरीकडे उभं राहायचं मला धाडस झालं नाही.

ह्यांनी सगळ्या वर्गाला खांबाभोवती उभं केलं. आढेवेढे घेतले नाहीत. भराव, पायऱ्या, दोरी, सगळं सांगितलं. काल आठ मीटर साठ हेच बरोबर होतं, मी चुकलो, आणि चुकलो त्याहून वाईट म्हणजे जी बरोबर होती तिला मी हसलो, असं सगळ्यांसमोर म्हणाले. ज्यांनी नऊ धरून उलटं मांडलं त्यांना मी रागावणार नाही, ते मीच शिकवलंय. मुलं पायांकडे बघत होती. तो चुणचुणीत मुलगा कानापर्यंत लाल झाला होता. मला वाटलं, झालं, निभावलं. माझ्या छातीवरचं ओझं थोडं उतरलंसुद्धा.

मग हे हळूबाईकडे गेले, तिच्यापुढे आरसा आणि टेप धरला आणि म्हणाले की काल मी तुझं मोजणं नीट बघितलं नाही, आज मला दाखवशील का, आज मी फक्त बघणार. ती लाजली, पण आली. आरसा खाली ठेवला, फरशीवर डुगडुगत नाही ना ते बोटाने दाबून बघितलं. अगदी तिच्या पद्धतीने, सावकाश. हे उकिडवे बसले. मागे सरकता सरकता ती थांबली.

आरशाकडे न बघता तिने ह्यांच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणा नव्हता. एखादी शहाणी, आज्ञाधारक मुलगी विचारते तसं तिने विचारलं.

"सर, किती यायला हवंय?"

कोणी हसलं नाही. आठ मीटर साठ हा आकडा ह्यांनीच घटकेपूर्वी सगळ्यांना सांगितला होता, आणि आता तो परत घ्यायची काही सोय नव्हती.

"तुला जे दिसेल ते," हे म्हणाले.

तिने मान डोलावली. एक पाऊल मागे सरकली, आणि बरोबर जागी आलेय का ते बघायला पुन्हा ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं.